व्होल्टेज चढते, धारिता उतरते : प्रस्तावना

सर्किट डिझाइन करणाऱ्या कोणालाही विचारा, सिरॅमिक कपॅसिटरविषयीची तक्रार ठरलेली असते: कॅटलॉगात लिहिलेली धारिता प्रत्यक्षात मिळत नाही. १० मायक्रोफॅरडचा चिमुकला एमएलसीसी (बहुस्तरीय सिरॅमिक कपॅसिटर) घ्यावा, त्याला सोसेल तेवढे डीसी व्होल्टेज द्यावे आणि मग मोजावे, तर धारिता निम्म्यावर आलेली असते, कधी त्याच्याही खाली. डेटाशीटमध्ये या घसरणीचा आलेख दिलेला असतो. तो पाहायची सवय मात्र बहुतेकांना एकदा फटका बसल्यावरच लागते. मोबाइलच्या एका बोर्डावर असे शेकडो कपॅसिटर असतात, आणि त्यांची ही खोड झाकण्यासाठी डिझायनर मोठ्या धारितेचे भाग लावून पुढे जातो. त्या कपॅसिटरच्या आत बेरियम टायटनेट असते. बेरियम टायटनेट फेरोइलेक्ट्रिक आहे, आणि ही खोड त्याच्या जातीचीच आहे.

त्या खोडीला कामाला कसे लावता येते, हा या पुस्तकाचा विषय. असे कपॅसिटर आणि तारेची वेटोळी आलटूनपालटून जोडत शिडीसारखी लांबलचक लाइन तयार करायची, तिच्या एका टोकाला काही नॅनोसेकंदांचा उच्च व्होल्टेजचा सपाट पल्स सोडायचा. दुसऱ्या टोकाला त्या पल्सच्या माथ्यावर उच्च वारंवारतेची आंदोलने उठलेली मिळतात. मॅग्नेट्रॉनमध्ये लागते तशी निर्वात नळी इथे लागत नाही. तापलेला कॅथोड, इलेक्ट्रॉनांची शलाका, जड चुंबक यांतले काहीही लागत नाही. भाजलेली सिरॅमिक, तांबे आणि एक चपळ स्विच एवढे पुरते. कल्पना इतकी सुटसुटीत आहे की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला, ती जमते तर मग सगळीकडे का दिसत नाही, असा प्रश्न पडतो. तो प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे प्रामाणिक उत्तर देणे हे या पुस्तकाचे मोठे काम आहे.

आधी यंत्रणा पाहू. लाइनमधून विद्युत लहर किती वेगाने जाते, हे इंडक्टन्स आणि धारिता यांच्या गुणाकारावर ठरते. गुणाकार मोठा तर लहर संथ, लहान तर लहर जलद. साध्या कपॅसिटरमध्ये धारिता कायम असते, त्यामुळे पल्सचा पायथा आणि माथा बरोबरीने चालतात आणि पल्स जसा शिरला तसाच बाहेर पडतो. फेरोइलेक्ट्रिकमध्ये व्होल्टेज चढते तशी धारिता उतरते. म्हणजे पल्सच्या माथ्यावर, जिथे व्होल्टेज सर्वांत जास्त, तिथे वेगही सर्वांत जास्त. किनाऱ्याकडे येणाऱ्या लाटेचा माथा पायथ्याला गाठतो आणि लाट समोरून उभी होते, तसेच इथे होते. मागून येणारा माथा पुढच्या चढणीला गाठतो, चढण उभी होत जाते आणि अखेरीस भिंतीसारखा तट तयार होतो. याला विद्युतचुंबकीय आघाततरंग म्हणतात.

समुद्राची लाट त्यानंतर फुटते. लाइनमधला तट फुटत नाही, कारण शिडीची घडणच त्याला अडवते. शिडी एका ठरावीक मर्यादेपलीकडची वारंवारता पुढे जाऊ देत नाही, आणि मर्यादेजवळच्या लहरी संथ करते. तट जितका उभा होऊ पाहतो तितक्या जास्त वारंवारतेच्या लहरी त्यात लागतात, आणि नेमक्या त्याच लहरी मागे पडतात. तीव्र होत जाण्याची ओढ आणि मागे पडण्याची ओढ यांचा तोल साधला की तटामागे आंदोलने उमटू लागतात. लाइन पुरेशी लांब असेल तर त्या आंदोलनांचे सुटे, टिकाऊ उंचवटे होतात. हेच सॉलिटॉन. डीसी पल्समधली ऊर्जा अशा रीतीने रेडिओ आणि मायक्रोवेव्हच्या वारंवारतेत उतरते.

पदार्थाची कथा लाइनच्या कथेपेक्षा जुनी आहे. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात जोसेफ व्हॅलासेक रोशेल मिठाच्या स्फटिकावर काम करत होते. १९२० मध्ये त्यांनी दाखवले की या स्फटिकाचे विद्युत ध्रुवीकरण लोखंडाच्या चुंबकत्वासारखे वागते: क्षेत्र काढून घेतले तरी काही शिल्लक राहते, आणि उलटे क्षेत्र दिले की दिशा बदलते. रोशेल मीठ तसे कुरकुरे गिऱ्हाईक. पाण्यात विरघळते, आणि त्याचा फेरोइलेक्ट्रिक गुण उणे १८ ते २४ अंश सेल्सिअस एवढ्याच पट्ट्यात टिकतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो दिसायचाही नाही. १९३५ मध्ये झुरिकमध्ये बुश आणि शेरर यांना पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेटमध्ये तोच गुण सापडला, पण तो फार थंडीत. दुसऱ्या महायुद्धापर्यंत हा विषय चार-दोन विचित्र स्फटिकांचा समजला जात होता.

युद्धाने ते बदलले. कपॅसिटरसाठी अभ्रक मिळेनासा होईल या धास्तीने अमेरिका, सोव्हिएत संघ आणि जपान या तिन्ही ठिकाणी एकमेकांच्या नकळत पर्याय शोधले जात होते, आणि तिन्ही ठिकाणी बेरियम टायटनेट हाती आले. मॉस्कोच्या लेबेदेव संस्थेतले वुल आणि एमआयटीतले आर्थर फॉन हिपेल ही त्यातली दोन मोठी नावे. हेलन मेगॉ यांनी १९४५ मध्ये त्याची स्फटिकरचना उलगडली. हा पदार्थ पाण्याला भीत नव्हता, भट्टीत भाजून हव्या त्या आकारात करता येत होता आणि सुमारे १२० अंशांपर्यंत फेरोइलेक्ट्रिक राहत होता. गिन्झबर्ग यांनी १९४५ मध्ये आणि ब्रिस्टलच्या डेव्हनशायर यांनी १९४९ मध्ये त्याचा सिद्धांत मांडला. ध्रुवीकरण आणि क्षेत्र यांचे नाते सरळ रेषेचे नाही, त्यात घनाचे आणि त्यापुढचे पद आहे, हे त्या सिद्धांतात पहिल्यापासूनच होते. आज आपण ज्याला अरेषीय धारिता म्हणतो, तिचे मूळ तिथे आहे.

घन पदार्थाच्या अशा वाकड्या वागण्याचा उपयोग करून घेण्याची परंपरा आपल्या देशात त्याहून जुनी आहे. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कोलकात्यात मिलिमीटर लांबीच्या लहरी दाखवल्या, आणि पुढे लहरी पकडण्यासाठी गॅलेनाचा स्फटिक वापरला. त्यांचे काम लहर पकडण्याचे होते. आपल्या पुस्तकातले काम लहर निर्माण करण्याचे. तरी स्फटिकाने ओहमचा नियम तंतोतंत पाळला असता तर बोसांचा शोधक चाललाच नसता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

लाइनच्या बाजूने या विषयाची तीन घराणी झाली, आणि त्यांचा एकमेकांशी संवाद असायला हवा होता त्यापेक्षा बराच कमी राहिला. पहिले घराणे हार्मोनिकवाल्यांचे. फेरोइलेक्ट्रिकवर एका वारंवारतेची लहर टाकली की वक्रतेमुळे तिच्या पटीतल्या वारंवारता निर्माण होतात; त्यांतली हवी ती गाळून घ्यायची. १९६२ च्या सुमारास अमेरिकेत डिडोमेनिको, जॉन्सन आणि पँटेल यांनी मायक्रोवेव्हमध्ये हे करून दाखवले. परंतु त्याच काळात व्होल्टेजने धारिता बदलणारा सेमीकंडक्टरचा व्हॅरॅक्टर डायोड पुढे आला. तो पाच-दहा व्होल्टमध्ये काम करी आणि गळतीही कमी. कमी शक्तीच्या क्षेत्रात फेरोइलेक्ट्रिकला त्याने बाजूला सारले, आणि ते योग्यच झाले असे मला वाटते.

दुसरे घराणे आघाततरंगांचे. आयबीएममधले रॉल्फ लँडाउअर यांना आपण माहिती पुसण्याची किंमत सांगणारे म्हणून ओळखतो. त्याच लँडाउअर यांनी १९६० मध्ये अरेषीय ट्रान्समिशन लाइनमध्ये आघाततरंग कसे तयार होतात आणि ते पॅरामेट्रिक ॲम्प्लिफायरला कसे बिघडवतात, हे लिहिले. त्यांच्या दृष्टीने ती अडचण होती. सोव्हिएत शास्त्रज्ञांनी मात्र तिला संधी मानले. खोखलोव्ह यांनी १९६१ मध्ये सिद्धांत मांडला. गॉर्की शहरात, म्हणजे आजच्या निझनी नोव्हगोरोदमध्ये, गापोनोव्ह, ओस्त्रोव्स्की आणि फ्रेडमन यांनी विषयाची पद्धतशीर बांधणी केली. कतायेव्ह यांचे या विषयावरचे छोटे पुस्तक १९६३ मध्ये रशियनमध्ये आणि १९६६ मध्ये इंग्रजीत आले. ते आजही वाचावे असे आहे. पुढे गॉर्कीच्याच परंपरेत एक फार सुंदर युक्ती निघाली: शिडीच्या एकाआड एक पायऱ्या जादा कपॅसिटरने जोडायच्या, म्हणजे आघाताचा तट ज्या वेगाने धावतो त्याच वेगाने धावणारी एक ठरावीक लहर शिडीत असते, आणि तट आपली ऊर्जा तिलाच देत राहतो.

तिसरे घराणे सॉलिटॉनचे. त्याची वंशावळ स्कॉट रसेल यांनी १८३४ मध्ये एडिंबराजवळच्या कालव्यात पाहिलेल्या एकट्या लाटेपर्यंत जाते. १८९५ मध्ये कोर्टेवेग आणि द व्ह्रीस यांनी तिचे समीकरण दिले, १९६५ मध्ये झाबुस्की आणि क्रुस्कल यांनी तिला सॉलिटॉन हे नाव दिले, १९६७ मध्ये तोदा यांनी साखळीचे गणित सोडवले, आणि जपानमध्येच हिरोता व सुझुकी यांनी तोदांची साखळी प्रत्यक्ष इलेक्ट्रिक सर्किटच्या रूपाने टेबलावर मांडली. शक्तिशाली पल्सचे तुकडे सॉलिटॉनमध्ये पाडून मायक्रोवेव्ह मिळवावे, हा विचार इकेझी आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये ठळकपणे मांडला. १९९० च्या दशकात ऑक्सफर्डमध्ये पॉल स्मिथ यांच्या गटाने सिरॅमिक कपॅसिटरच्या लाइनवर हे काम नेटाने केले. ब्राझीलच्या राष्ट्रीय अवकाश संशोधन संस्थेत रोसी यांच्या गटाने ते पुढे नेले.

आता ही लाइन सगळीकडे का दिसत नाही, या सुरुवातीच्या प्रश्नाकडे येतो. एक लाइन कागदावरच करून पाहू. प्रत्येक पायरीत १० नॅनोहेन्रीचा इंडक्टर आणि १० पिकोफॅरडचा कपॅसिटर, अशा ५० पायऱ्या. उच्च व्होल्टेजला धारिता ४ पिकोफॅरडवर येते असे धरू. पल्सच्या पायथ्याला एक पायरी चढायला सुमारे ०.३२ नॅनोसेकंद लागतात, माथ्याला ०.२० नॅनोसेकंद. पन्नास पायऱ्यांत माथा जवळपास ६ नॅनोसेकंदांची आघाडी घेतो. म्हणजे ६ नॅनोसेकंदांत चढणारा पल्स या लाइनच्या शेवटी ढोबळमानाने उभा तट झालेला असेल. माथ्याजवळच्या धारितेने शिडीची मर्यादा सुमारे १.६ गिगाहर्ट्झ येते, आणि आंदोलने तिच्या खाली राहतात. २० किलोव्होल्ट दिले तर ५० ओहमच्या लाइनवर त्या क्षणाची शक्ती ८ मेगावॅट. आंदोलनांच्या वाट्याला तिचा काही हिस्साच येतो, पण हिशेब मोहात पाडणारा आहे.

हाच हिशेब हातात सोल्डरिंग आयर्न घेऊन करू लागले की अडचणी एकेक करून समोर येतात. १० नॅनोहेन्री म्हणजे साधारण एक सेंटीमीटर सरळ तार. इंडक्टर म्हणून वेगळे काही लावायलाच नको. उलट कपॅसिटरचे स्वतःचे पाय कापून टाकावे लागतात, नाहीतर तेच इंडक्टर होऊन बसतात आणि लाइनचे सगळे गणित कोलमडते. कपॅसिटर पाहा. डायइलेक्ट्रिक स्थिरांक १००० आणि जाडी ४ मिलिमीटर धरली तर १० पिकोफॅरडसाठी क्षेत्रफळ लागते जेमतेम साडेचार चौरस मिलिमीटर. एवढ्याशा तुकड्याच्या दोन टोकांत २० किलोव्होल्ट. सिरॅमिक कदाचित ते सोसेल, पण बाजूची हवा सोसणार नाही. तुकड्याच्या पृष्ठभागावरून ठिणगी धावेल. म्हणून सगळी लाइन ट्रान्सफॉर्मर तेलात बुडवायची. तेलात बुडवली की तेलाची धारिता हिशेबात आली. शिवाय लाइनचा इम्पिडन्स स्थिर नाही: पल्सच्या पायथ्याला तो सुमारे ३२ ओहम, माथ्याला ५० ओहम. अँटेना नेमका कशाशी जुळवायचा? आणि आंदोलने बसलेली असतात एका उंच डीसी चौथऱ्यावर, तो चौथरा अँटेनातून बाहेर पडत नाही, त्याची ऊर्जा वेगळी काढावी लागते.

या सगळ्यांवर इलाज निघतात. खरी आडकाठी पदार्थातल्या गळतीची आहे, आणि माझ्या मते हा विषय तिथेच ठरणार आहे. फेरोइलेक्ट्रिक अवस्थेत सिरॅमिकच्या प्रत्येक कणात वेगवेगळ्या दिशेने ध्रुवीकरण झालेले डोमेन असतात. बेरियम टायटनेटच्या प्रचंड धारितेत डोमेनच्या सीमा हलण्याचा मोठा वाटा असतो. या सीमा जड असतात. गिगाहर्ट्झच्या आसपास त्या क्षेत्रासोबत धावू शकत नाहीत. धारिता कोसळते आणि ऊर्जेची उष्णता होते. म्हणजे ज्या गुणासाठी पदार्थ निवडला तोच गुण हव्या त्या वारंवारतेला साथ सोडतो. फेरोइलेक्ट्रिक सिरॅमिकच्या लाइन बहुतांशी काही दहा ते काही शे मेगाहर्ट्झपाशी, मायक्रोवेव्हच्या उंबरठ्यावर, रेंगाळल्या त्याचे मुख्य कारण हे.

यावरची वाट म्हणजे डोमेनच नसलेल्या अवस्थेत काम करायचे, म्हणजे ज्याच्या वर पदार्थ फेरोइलेक्ट्रिक राहत नाही त्या क्युरी तापमानाच्या थोडे वर. स्ट्राँशियम टायटनेट निरपेक्ष शून्याजवळही फेरोइलेक्ट्रिक होत नाही. त्याची बेरियम टायटनेटमध्ये भेसळ केली की क्युरी तापमान खाली येते. सुमारे ४० टक्के स्ट्राँशियमला ते शून्य अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचते. खोलीच्या तापमानाला असा पदार्थ डोमेनमुक्त असतो, तरी व्होल्टेजने चांगला बदलतो. या मिश्रणाला बीएसटी म्हणतात. अमेरिकी लष्कराच्या संशोधन प्रयोगशाळेत सेनगुप्ता दांपत्याने १९९० च्या दशकात त्यात मॅग्नेशियम ऑक्साइड मिसळून गळती आणखी उतरवली. लेनिनग्राडमध्ये ओरेस्त व्हेंडिक यांनी मायक्रोवेव्ह फेरोइलेक्ट्रिकची स्वतंत्र परंपरा उभी केली. पण तिचा रोख लहर निर्माण करण्यापेक्षा लहर वळवण्या-जुळवण्याकडे होता. मोबदला द्यावा लागतोच: गळती उतरवावी तर वक्रताही उतरते, आणि तापमान दोन-चार अंशांनी हलले तरी धारिता हलते. सेकंदाला हजारो पल्स सोडले की सिरॅमिक आतून तापते आणि लाइनचा सूर सरकतो.

प्रतिस्पर्धीही थांबलेले नाहीत. सायबेरियातील तोम्स्कच्या उच्च-प्रवाह इलेक्ट्रॉनिक्स संस्थेने फेराइट भरलेल्या, चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या लाइनमधून गिगाहर्ट्झची शक्तिशाली आंदोलने काढून दाखवली आहेत. शक्ती आणि वारंवारता दोन्ही हव्या असतील तर आज पारडे त्यांच्याकडे झुकते, हे मान्य केले पाहिजे. दुसऱ्या टोकाला, स्टॅनफर्डमध्ये रॉडवेल आणि ब्लूम यांनी गॅलियम आर्सेनाइडच्या चिपवर व्हॅरॅक्टरची अरेषीय लाइन कोरून पिकोसेकंदांचे तट मिळवले. वेगवान सॅम्पलिंग ऑसिलोस्कोपच्या तंत्राला त्यातून बळ मिळाले. फेरोइलेक्ट्रिक लाइनची जागा या दोहोंच्या मध्ये आहे: डायोडला झेपणार नाही एवढे व्होल्टेज, आणि फेराइटला लागते ते चुंबकाचे ओझे नको, अशी कामे. जमिनीखालचे पाहणारे रडार, अवकाशयानावर नेण्याजोगे हलके स्रोत, इलेक्ट्रॉनिक उपकरणे दुरून येणारा आघात किती सोसतात याच्या चाचण्या ही त्यातली काही. संरक्षण हा या संशोधनाचा मोठा आश्रयदाता राहिला आहे, आणि पुस्तक ते लपवत नाही.

आत्ताच हा विषय हाती घ्यावा असे वाटण्याला कारणे आहेत. सिलिकॉन कार्बाइडच्या स्विचमुळे किलोव्होल्टचे पल्स नॅनोसेकंदांत सोडणे आता विद्यार्थ्याच्या टेबलावर शक्य झाले आहे. पूर्वी यासाठी ठिणगीच्या फटी किंवा थायराट्रॉन लागत. २०११ मध्ये हाफ्नियम ऑक्साइडच्या काही नॅनोमीटर जाड थरात फेरोइलेक्ट्रिक गुण असल्याचे जाहीर झाले. हा पदार्थ चिपच्या कारखान्यात आधीपासून वापरात आहे, त्यामुळे अरेषीय लाइन थेट सिलिकॉनवर येण्याची वाट खुली झाली. बीएसटीमध्ये शिसे नाही, हीही आजच्या काळात लहान गोष्ट नव्हे. आणि आपल्याकडे दोन्ही बाजूंचे कसब आहे. मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्राने काली यंत्रांच्या रूपाने पल्स शक्तीची मोठी परंपरा उभी केली, समीर या संस्थेने मायक्रोवेव्हची. सिरॅमिक भाजणारे आणि पल्स सोडणारे क्वचितच एका खोलीत बसतात, एवढेच. या विषयात ते बसल्याशिवाय पुढे सरकता येत नाही, कारण इथे पदार्थ आणि सर्किट वेगळे करताच येत नाहीत. भट्टीतला कण अर्ध्या मायक्रॉनचा की पाच मायक्रॉनचा, यावर लाइनच्या शेवटी किती आंदोलने मोजता येतील हे अवलंबून असते.

म्हणून हे पुस्तक त्या दोन्ही वाचकांना समोर ठेवून लिहिले आहे. पदार्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ट्रान्समिशन लाइन नव्याने शिकवली आहे, इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्याला स्फटिक आणि डोमेन. गणित कोर्टेवेग–द व्ह्रीस समीकरणापर्यंत नेले आहे, पण ते शिडीतून पायरी-पायरीने निघते. आधी समीकरण आणि मग त्याचा अर्थ असा क्रम नाही. प्रसिद्ध झालेले यशस्वी आलेख दाखवताना त्यांच्या शेजारी ऊर्जेचा पूर्ण हिशेब मांडला आहे: किती आत गेली, किती आंदोलनांत आली, किती सिरॅमिकमध्ये जिरली. माझ्या दृष्टीने पुस्तकाचा हा सर्वांत मोलाचा भाग. शक्तीचा कळसाचा आकडा सांगून गळती गाळणारे निबंध या क्षेत्रात कमी नाहीत.

प्रयोगांचा भाग मुद्दाम कमी व्होल्टेजपासून सुरू होतो. व्हॅरॅक्टर डायोड, बाजारात मिळणारे इंडक्टर, एक फंक्शन जनरेटर आणि १०० मेगाहर्ट्झचा ऑसिलोस्कोप एवढ्यावर कॉलेजच्या प्रयोगशाळेत काही मेगाहर्ट्झचे सॉलिटॉन स्पष्ट दिसतात. लाइनच्या दहाव्या, विसाव्या आणि चाळिसाव्या पायरीवर प्रोब ठेवून तट उभा होताना पाहता येतो. त्यानंतर डायोड काढून एमएलसीसी लावायचे आणि गळतीने तोच तट कसा बोथट होतो ते मोजायचे. किलोव्होल्टची लाइन शेवटी येते, आणि तिच्यासोबत अर्थिंग, डिस्चार्ज काठी आणि एकट्याने काम न करण्याचे नियम येतात. ते नियम वाचल्याशिवाय त्या प्रकरणातला एकही स्विच दाबू नये.